रेडिओवरचा परदेशी आवाज ठेवायचा की कापायचा? (आणि पंख्याचं काय?)

टेपकट्टा
परवाच्या धाग्यात ‘सरळसोट’ यांनी फर्मान काढलं: परदेशी माणसांवरच्या रेडिओ माहितीपटाचं मराठी करताना मूळ आवाज पूर्ण काढा, चांगल्या गळ्याच्या निवेदकाकडून अनुवाद वाचून घ्या, उगाच वेळ जातो. तिथे दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून हा धागा.

अहो, हे सगळं करून झालंय. बीबीसीत १९५० च्या दशकात सर्रास हेच चालायचं. कामगारांशी बोलायचं, त्यावरून संहिता लिहायची आणि नटांच्या तोंडी घालायची. १९५७ साली जॉन अ‍ॅक्सन हा इंजिन ड्रायव्हर ब्रेक गेलेल्या गाडीवर शेवटपर्यंत थांबला आणि त्यात गेला. त्याच्यावर कार्यक्रम करायला बीबीसीचा निर्माता चार्ल्स पार्कर आणि लोकगायक युअन मॅकॉल रेल्वेवाल्यांचं बोलणं टेप करून आले. बेत नटांचाच होता. टेप ऐकल्या आणि नट बाद झाले. १९५८ मध्ये खऱ्या आवाजांवरच कार्यक्रम झाला. पुढे अशा ‘रेडिओ बॅलड’, म्हणजे खरे आवाज आणि गाणी गुंफलेले कार्यक्रम, एकूण आठ झाल्या.

अनुवाद लावायची रीत आहे. मूळ आवाज ३-४ सेकंद मोकळा ऐकू द्या. मग दीडेक सेकंदात हळूहळू १२ ते १५ डेसिबल खाली न्या, वर मराठी सुरू करा. मराठी वाक्य मूळ वाक्याच्या २ सेकंद आधी संपवा आणि मूळ पुन्हा वर आणा. माणूस हसला, गप्प झाला, तर तिथे अनुवाद नकोच. फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ) धाडकन पाडलात तर ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी त्या बाईचं तोंड दाबलं.

रूपकवाला
आधी शब्द सुधारा. रेडिओवर ‘पट’ कुठून आला? आकाशवाणीचा ‘रूपक’ हा चांगला रुळलेला शब्द आहे.

सरळसोट
रूपकवाले, तुमचा नेहमीचा प्रतिसाद पोचला.

टेपकट्टा, ही १२ डेसिबलची गंमत स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर छान वाटते. ऐकणारा फोडणी घालताना फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर ऐकतोय. तिथे खालचे सूर गायब, दोन्ही आवाज एकाच पट्ट्यात कोंबलेले. खाली अनोळखी भाषा, वर मराठी, एकूण चिखल. शिवाय बोली वाक्याचा पूर्ण अनुवाद जवळजवळ नेहमीच लांबतो. मग निवेदक मेल पकडायला निघाल्यासारखा वाचतो.

आणि कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड याचा १९६७ चा रेडिओ माहितीपट ‘द आयडिया ऑफ नॉर्थ’ कुणी आणू नका. तीन माणसं एकावर एक बोलतात, त्याला जाणकार म्हणे ‘काउंटरपॉइंट’, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या अनेक सुरावटी, म्हणतात. आमच्याकडे त्याला एसटी स्टँड म्हणतात.

शंकासुर
तुम्ही दोघं मिक्सिंगवर भांडताय. चिखल रेकॉर्डिंगमध्येच होतो. फोनवर किंवा स्वस्त रेकॉर्डरवर ऑटो लेव्हल चालू असते. माणूस थांबला की यंत्र आपोआप आवाज चढवतं आणि पंखा घोंघावत वर येतो, बोलायला लागला की पंखा खाली. असा हेलकावे खाणारा आवाज अनुवादाखाली किती डेसिबलवर ठेवायचा, सांगा!

ऑटो बंद करा. आवाजाचं शिखर, म्हणजे सगळ्यात मोठा क्षण, मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. माइक तोंडापासून वीतभर, जरा तिरका. पंखा बंद. प्रत्येक जागेचा एक मिनिट नुसता शांत आवाज वेगळा घ्या, जोडकाम त्यावरच झाकलं जातं.

वऱ्हाडी पाहुणा
“पंखा बंद.” मे महिन्यात अकोल्यात म्हणून दाखवा. पाचव्या मिनिटाला माणूस घाम पुसत “झालं का?” विचारतो. ती मुलाखत काय कामाची?

शंकासुर
मग कापताना प्रत्येक जोडावर घरघर तुटते, आणि नंतर नॉइज रिडक्शन (घरघर पुसणारं सॉफ्टवेअर) मारून माणूस विहिरीतून बोलल्यासारखा करता.

वऱ्हाडी पाहुणा
घरघर तुटते कारण तुम्ही मधेच पंखा बंद करता. चालू तर शेवटपर्यंत चालू, एकाच गतीवर. माइकची पाठ पंख्याकडे. तुमचा तो ‘शांत’ मिनिट पंख्यासकटच घ्या. आणि कॉलर माइक लावून मोकळे होऊ नका, मंगळसूत्र त्यावर टकटक करतं आणि पदर घासतो. ती टकटक शब्दांवरच बसलेली असते, कुठलंही सॉफ्टवेअर ती धड काढत नाही.

शंकासुर
मंगळसूत्राचं मान्य. पंख्याचं नाही.

टेपकट्टा
पंख्याचा वेगळा धागा काढा रे कुणीतरी.

सरळसोट, दक्षिण आफ्रिकेतल्या खायलित्शाच्या थेंबी एनगुबाने या तरुणीची रेडिओ डायरी ऐका. तिच्या हातात रेकॉर्डर दिला होता, एचआयव्हीसोबतचं रोजचं जगणं तिने स्वतः टिपलं. २००६ मध्ये अमेरिकेत प्रसारित झाली. तिथे ‘चांगल्या गळ्याचा’ निवेदक बसवून दाखवा.

सरळसोट
ती इंग्रजीत बोलते. अमेरिकन श्रोत्याला अनुवाद लागलाच नाही. उदाहरण तुमचं, मुद्दा माझा. धन्यवाद.

टेपकट्टा
बरं, हा मुद्दा तुमचा. पण तिचं मराठी करताना तिचा आवाज तुम्ही कापणारच ना? प्रश्न तिथेच आहे.

फोनच्या स्पीकरचं खरं आहे, तेही घ्या. त्यासाठी मूळ आवाज १८-२० डेसिबल खाली न्या आणि त्यातला २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा थोडा उतरवा. व्यंजनं तिथेच असतात, मराठीला जागा होते. आणि शब्दन् शब्द अनुवाद करू नका, चारातली तीन वाक्यं पुरतात.

सरळसोट
म्हणजे इतकं खाली की ऐकूच येऊ नये. मीही तेच म्हणत होतो. असो, सुरुवातीचे ३ सेकंद ठेवा. ४ नाही.

वऱ्हाडी पाहुणा
शंकासुर, कूलरचं काय करता?