अळंबीसाठी माळा, पडवी की गोठा?

प्रश्न (गुहागर तालुका):
आमचे घर चिऱ्यांचे, कौलारू असून समुद्रापासून जवळ आहे. दिवाळीनंतर धिंगरी अळंबीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) दहा-बारा पिशव्या भरून पाहण्याचा विचार आहे. भाताचा पेंढा घरचाच आहे. जागा तीन आहेत: कौलांखालचा माळा, उत्तरेकडची बंदिस्त पडवी आणि गुरे विकल्यापासून रिकामा पडलेला गोठा. माळ्यावर अंधार असल्यामुळे माझा कल तिकडे आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर (दापोली):
माळ्याचा विचार सोडून द्यावा. अंधार लागतो तो फक्त पहिले १५ ते २० दिवस, म्हणजे पेंढ्यात अळंबीचीच पांढरी बुरशी पूर्ण पसरेपर्यंत. त्यानंतर वर्तमानपत्र वाचता येईल इतका मंद उजेड आणि खेळती हवा मिळाली नाही, तर देठ लांबतात आणि छत्र्या लहान राहतात. माझ्या पहिल्या पिकाचे असेच झाले होते आणि मी उगाच बेण्याला (अळंबीच्या बियाण्याला) दोष देत बसलो होतो. धिंगरीला साधारण २० ते ३० अंश तापमान व ८० ते ९० टक्के आर्द्रता हवी, आणि दुपारी तापलेल्या कौलांखाली या दोन्ही गोष्टी सांभाळणे कठीण असते. शिवाय रोज शिडीवरून पाणी कोण वाहून नेणार? ऊन न लागणारी पडवी मला सर्वांत योग्य वाटते.

उत्तर (कुडाळ):
पडवीचे दार कोठे उघडते, ते आधी पाहावे. धिंगरीच्या छत्र्या पूर्ण उघडल्या की त्यांतून बारीक बीजाणू हवेत पसरतात आणि काहींना त्यांमुळे खोकला किंवा दम लागतो. गोठा घरापासून वेगळा असेल, तर तो बरा. मात्र जुने शेण, गवत आणि धूळ पूर्ण काढून, भिंतींना चुना लावून आणि खिडक्यांना बारीक जाळी ठोकूनच पिशव्या आत न्याव्यात, अन्यथा हिरवी बुरशी आणि चिलटे पीक हाती लागू देणार नाहीत.

प्रश्नकर्ता:
पडवीचे दार थेट माजघरात उघडते आणि आईला दमा आहे. ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती.

उत्तर (दापोली):
तर मग माझे मत मी बदलतो, गोठाच घ्यावा. तेथे तापमान व आर्द्रता दाखवणारे साधे यंत्र चार-पाच दिवस टांगून पहाटेचे आणि दुपारी दोनचे आकडे लिहून ठेवावेत. पावसाळ्यात ओलाव्याची चिंता नसते, पण थंडीच्या दिवसांत कोरडा वारा सुटला की भिंतींना ओली गोणपाटे लावावी लागतात. एप्रिल-मेमध्ये धिंगरीचा आग्रह धरू नये. त्या उष्म्यात दुधी अळंबी अधिक तग धरते. आणखी एक गोष्ट: गोठ्याची खिडकी आंब्याच्या कलमांकडे असेल, तर मोहोरावर फवारणी होईल त्या दिवशी ती बंद ठेवावी आणि पिशव्यांवर कापड टाकावे.