मतं इकडची-तिकडची असतील तर पक्ष कसा ठरवायचा? इंदूरकरांनो, लिहा

राजवाडा_ते_रामबाग
परवा नोटाचा (मतयंत्रावरचं "यांपैकी कोणीही नाही" बटण) विषय निघाला आणि 2024 चा मे महिना आठवला. आपल्या जागेवर काँग्रेसच्या उमेदवाराने 29 एप्रिलला अर्ज मागे घेतला आणि मोजणीत नोटाला पडली 2,18,674 मतं. म्हणजे दुसरा नंबर! तिसरी बसपा, 51,659. तेव्हापासून गावात एक प्रश्न फिरतोय: आरक्षणावर एका पक्षाचं पटतं, करांवर दुसऱ्याचं, शेतीवर तिसऱ्याचं, मग बटण कुठलं दाबायचं? कोणाला मत द्या ते इथे नको. कसं ठरवायचं, कुठे बघायचं आणि फसगत कुठे होते, तेवढं लिहा.

माझ्याकडून सुरुवात. मुद्दे कागदावर लिहा, पण तीन रकान्यांत. संरक्षण, परराष्ट्र, रेल्वे, आयकर केंद्राकडे. पोलीस, जमीन, सरकारी दवाखाने, दारू राज्याकडे. कचरा, नळाचं पाणी, गल्लीतले दिवे, मालमत्ता कर निगमाकडे. शिक्षण 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत आहे, वीजही तिथेच, त्यामुळे हे दोन्ही केंद्र आणि राज्य अशा दोन रकान्यांत लिहायचे. अर्धा गुंता इथेच सुटतो. कलम 370 वरून पार्षद निवडण्यात काही हशील नाही, आणि नाला तुंबला म्हणून सांसद बदलण्यातही नाही. तिन्हीकडे एकच पक्ष निघाला पाहिजे असा नियम कुठेही नाही. 2022 ला निगमात महापौर आणि पार्षद अशी दोन वेगळी मतं होतीच की.

जिरावन_जास्त
आपलं मत म्हणजे शुद्ध लौंग सेव असं प्रत्येकाला वाटतं, पुडा उघडला की मिक्स नमकीन 😄
आणि भिया, पक्षही तसेच. 2019 ला 370 च्या वेळी बसपा आणि आप सरकारच्या बाजूने, जेडीयू एनडीएत असून सभात्याग. तेव्हा "मीच गोंधळलेला" असं कोणी समजू नका.

सुदामानगर_काकू
वाचतेय. कुकर लावून येते.

आकडेमोड
गुण द्यायची पद्धत सांगतो, बहुतेक लोक इथेच घसरतात.

12 ते 15 मुद्दे पुरे, 30 लिहिले की शेवटचे 15 नुसते भरताड. प्रत्येकाला आधी वजन द्या, 1 ते 3. वजन पक्षांकडे बघायच्या आधी लिहायचं आणि मग खोडायचं नाही. उत्तर मनासारखं आलं नाही की हात आपोआप वजनाकडे जातो. मग पक्षाची भूमिका तुमच्या मताशी किती जुळते ते उणे 2 ते अधिक 2. गुणाकार, बेरीज.

आता चूक कुठे होते. माहिती नसेल तिथे 0 लिहितात. 0 म्हणजे पक्ष मध्यावर आहे. माहिती नाही म्हणजे रिकामं घर. भागाकारही भरलेल्या घरांच्याच कमाल गुणांनी. सोपं म्हणून सगळी वजनं 1 धरा: एका पक्षाला 10 मुद्द्यांवर 12 गुण, म्हणजे 20 पैकी 12, 60 टक्के. दुसऱ्याची 4 च मुद्द्यांवर माहिती आणि गुण 7, म्हणजे 8 पैकी 7, 87.5 टक्के. दुसरा लगेच जिंकला का? नाही. निम्म्याहून कमी घरं भरली असतील तर त्याचा टक्का बाजूला ठेवा, आधी माहिती शोधा.

शिवाय एक-दोन मुद्दे लाल रेघेचे. तिथे पक्ष उलट असेल तर बेरीज कितीही येवो, बाद. दोनाच्या वर लाल रेघा मारल्या तर सगळेच बाद होतील आणि पुन्हा नोटा.

खजराना_एक्सप्रेस
एवढं गणित दहावीला केलं असतं तर 😭

टपालपेटी
ऑनलाइन चाचण्या नाहीत का? दहा मिनिटांत सांगतात म्हणे तुम्ही डावे की उजवे

आकडेमोड
@टपालपेटी आहेत, पण जपून. पॉलिटिकल कंपास नावाची जुनी साइट आहे, 62 विधानं, आर्थिक आणि सामाजिक असे दोन अक्ष. त्यात जातीचं आरक्षण, राज्यांचे अधिकार, भाषा यांना स्वतंत्र अक्ष नाही, आणि आपल्याकडचे पक्ष तर तिथेच वेगळे होतात. जर्मनीचं वाल-ओ-माट बघा, 2002 पासून आहे. 38 विधानं, सहमत-असहमत-तटस्थ, हवं ते विधान सोडून द्या, महत्त्वाच्याला दुप्पट वजन. मुख्य म्हणजे तिथे उत्तरं पक्ष स्वतः भरून देतात. इकडच्या चाचण्यांत पक्षाचं उत्तर चाचणी बनवणाराच ठरवतो, म्हणजे तुमची तुलना त्याच्या अंदाजाशी होते.

वकिलीण_बाई
पक्षाची घटना वाचून विचारधारा कळेल असं समजू नका. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 29क: नोंदणीसाठी प्रत्येक पक्षाला समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाहीवर निष्ठा लिहावीच लागते. त्यामुळे कागदावर सगळेच समाजवादी.

पुराव्याचा क्रम असा लावा: सभागृहातलं मत, मग सत्तेत असताना केलेला कायदा किंवा बजेट, मग जाहीरनामा, सगळ्यात शेवटी भाषण. टीव्हीवरच्या प्रवक्त्याला शून्य.

मत शोधायला संसद डॉट इन वर त्या तारखेची चर्चा उघडा आणि मतविभाजन शोधा, बाजूने कोण, विरोधात कोण, नावानिशी असतं. यंत्रावर चुकलेलं मत चिठ्ठीने दुरुस्त करतात, त्याची टीप खाली असते, तीही बघा. अडचण अशी की बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने जातात, मग नावं नाहीत. शेतीचे कायदे सप्टेंबर 2020 मध्ये राज्यसभेत तसेच गेले. म्हणून घटनादुरुस्तीपासून सुरुवात करा, तिथे विशेष बहुमत लागतं म्हणून मोजणी होतेच. 2019 चं 10 टक्के आर्थिक आरक्षण लोकसभेत 323 विरुद्ध 3. 2023 चं महिला आरक्षण 454 विरुद्ध 2. असल्या आकड्यांवरून एक कळतं, ज्या मुद्द्यावर सगळे एकाच बाजूला त्याने पक्ष वेगळे होत नाहीत, तो यादीतून काढा. 2025 चं वक्फ विधेयक 288 विरुद्ध 232, असे मुद्दे ठेवा.

राजवाडा_ते_रामबाग
हे यादीतून काढायचं माझ्या डोक्यात नव्हतं. झकास.

मालवी_मिरची
भाषण आणि मत यातला फरक बघायचा तर 2012 ची किराणा एफडीआय, म्हणजे किरकोळ दुकानदारीत परदेशी गुंतवणूक. सपा-बसपा दोघं विरोधात बोलले, लोकसभेत मतदानाच्या वेळी बाहेर. विरोधी प्रस्ताव 218 विरुद्ध 253 ने पडला. सभात्यागाला मी अर्धं मत धरतो, आणि ज्याच्या फायद्याचा ठरला त्याच्या बाजूने.

टपालपेटी
पण आम्ही तर माणूस बघतो. उमेदवार चांगला तर पक्ष गेला खड्ड्यात

वकिलीण_बाई
@टपालपेटी दादा, लोकसभा-विधानसभेत ते फारसं चालत नाही. 1985 ची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी. व्हिप (पक्षाचा मतदानाचा आदेश) निघाला आणि माणसाने विरोधात मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. तुमचा चांगला माणूस बटण पक्षाचंच दाबणार. नगर निगमाला मात्र दहावी अनुसूची लागू नाही, तिथे माणूस बघा, खुशाल बघा.

मालवी_मिरची
थोडं जास्त होतंय ताई. प्रश्न विचारणं, समितीत काम, विधेयकावर बोलणं, हे माणसावरच असतं ना? पीआरएस या संसदेच्या कामाची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या साइटवर हजेरी, प्रश्न, चर्चा सगळं मिळतं. फक्त मंत्री आणि अध्यक्षांचे आकडे तिथे बघू नका. आपल्या तेव्हाच्या सांसद सुमित्राताई महाजन 2014 ते 19 लोकसभा अध्यक्ष होत्या, अध्यक्ष प्रश्न विचारत नाहीत. ते कोरं घर बघून "कामच नाही केलं" म्हणणारे व्हॉट्सॲपवर फिरत होते.

वकिलीण_बाई
हे मान्य. शपथपत्र, म्हणजे फॉर्म 26, तेही माणसाचंच. गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण. त्यात "प्रलंबित" आणि "दोषी ठरले" हे वेगळे भाग आहेत, दोन्ही एकत्र मोजू नका.

सुदामानगर_काकू
आले. जाहीरनाम्याचं कोणी लिहिलंच नाही. दोन्हीकडची आश्वासनं प्रिंट करा, चिन्ह आणि नाव कात्रीने कापा, घरातल्या दुसऱ्या कोणाकडून पट्ट्या मिसळून घ्या आणि मग पसंती लावा. किती ओळी कोणाच्या आहेत ते ओळखूच येत नाही. 2023 च्या विधानसभा निवडणुकीआधी बायकांना दरमहा पैसे इथे भाजप-काँग्रेस दोघांनी कबूल केले होते, आकडा तेवढा वेगळा.
मग प्रश्न एकच, पैसे कुठून. लाडली बहना सुमारे सव्वा कोटी बायका गुणिले 1500, महिन्याला 1,875 कोटी, वर्षाला साडेबावीस हजार कोटी. योजना बंद करा म्हणत नाहीये हं! पण त्याच जाहीरनाम्यात कर कमी करू असंही असेल तर दोन्हींपैकी एक ओळ खोटी धरा. निवडणूक आयोगाच्या आचारसंहितेतच लिहिलंय की आश्वासनामागचं कारण आणि पैशाची सोय ढोबळमानाने सांगा. ते पान किती जाहीरनाम्यांत सापडतं बघा.

जिरावन_जास्त
काकू कुकरच्या तीन शिट्ट्यांत बजेट मांडून आल्या 🙏

खजराना_एक्सप्रेस
ते रकाने ठीक पण बीआरटीएस, म्हणजे बसची वेगळी लेन, कोणत्या रकान्यात? शिव्या सगळे महापौरांना देतात

राजवाडा_ते_रामबाग
@खजराना_एक्सप्रेस काढायची घोषणा नोव्हेंबर 2024 ला मुख्यमंत्र्यांची, फेब्रुवारी 2025 ला हायकोर्टाची परवानगी, पाडकाम निगमाकडे. म्हणून "निर्णय कोणाचा" आणि "हातोडा कोणाचा" हे वेगळं लिहायचं. मेट्रोही तशीच, कंपनीत केंद्र आणि राज्य निम्मे-निम्मे.

मालवी_मिरची
भूमिकेपुढे तारीख टाका. जातीची मोजणी जनगणनेत करायचं केंद्राने 30 एप्रिल 2025 ला जाहीर केलं. त्याच्या आधीचा तक्ता असेल तर ते घर आता चुकीचं. आणि देणग्या बघा, 20,000 च्या वरच्या पक्षाला कळवाव्या लागतात, आयोगाच्या साइटवर असतात. निवडणूक रोख्यांची यादी मार्च 2024 ला बाहेर आली, तीही आहे.

टपालपेटी
बरं, विषय निघालाच आहे तर. मुलगा पुण्यात नोकरीला, नाव अजून इथे लोकमान्य नगरच्या यादीत. त्याने फॉर्म 6 भरायचा ना?

वकिलीण_बाई
नाही, फॉर्म 8. पत्ता बदलणं, दुसऱ्या मतदारसंघात जाणं, दुरुस्ती, सगळं त्यातच. 6 पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांसाठी. 6 भरला तर दोन्हीकडे नाव राहायची शक्यता, आणि दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्याला चालत नाही. राहत्या जागेचा पुरावा लागेल, भाडेकरार नोंदणी केलेला असू दे.

टपालपेटी
करार मित्राच्या नावावर आहे 🙈

वकिलीण_बाई
मग त्याच पत्त्याचं बँकेचं पासबुक किंवा आधार. आधी आधारचा पत्ता बदलायला सांगा, मग फॉर्म 8.

सुदामानगर_काकू
आणि त्याचा तक्ता नवीन करायला सांगा, राज्याचा आणि निगमाचा रकाना पूर्ण बदलला. केंद्राचा राहू दे.