मदत हवी आहे: झेडपी शाळेत मुलींच्या टॉयलेटला पाणी नाही

आमच्या गावच्या झेडपी शाळेत मुलींचं टॉयलेट बांधलंय पण नळाला पाणीच नाही, त्यामुळं सहावी-सातवीच्या पोरी दुपारच्या सुट्टीत घरी येतात त्या परत जातच नाहीत. मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य आहे, शिक्षण हक्क कायद्यानं समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या बायका असतात पण आमचं ऐकतंय कोण, ग्रामसेवक म्हणतात निधी नाही. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला 10 टक्के महिला-बालकल्याणचा पैसा पाइपलाइन आणि टाकीला वापरता येतो का? ग्रामसभेत ठराव कसा मांडायचा, अर्ज आधी द्यावा लागतो का? कुणी केलं असेल तर ठरावाचा नमुना टाका प्लीज, पोरींची शाळा बुडतीये.