मुलीला मेडिकल स्कूल नको, पीए व्हायचंय. काय करावं?

अंगण
आम्ही न्यू जर्सीत असतो. लेक बायोलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, एमकॅटची, म्हणजे मेडिकल स्कूलच्या प्रवेश परीक्षेची, तयारी चालू होती. मागच्या रविवारी जेवता जेवता म्हणाली, "आई, मेडिकल स्कूल नको, मी पीए करते." म्हणजे फिजिशियन असिस्टंट, डॉक्टरांच्या देखरेखीखाली पेशंट बघणारा सहायक. पुण्याला आईला फोनवर सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "पीए? कुणाची?" त्या रात्री मला झोप लागली नाही. अभ्यासात मागे असती तर समजले असते. एवढी हुशार मुलगी आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताखाली का राहणार? इथे कुणी या कामात असेल तर मोकळेपणानं सांगा.

पाऊलवाट
ताई, मी अकरा वर्षं पीए आहे, हार्ट सर्जरीत. आमचा दिवस कसा असतो ते सांगते. बायपासच्या वेळी सर्जन छाती उघडत असतात तेव्हा मी पायाशी असते. गुडघ्याजवळ छोटा छेद घ्यायचा, कॅमेरा आत सरकवायचा आणि शिरेच्या बारीक फांद्या एकेक करून बंद करत ती मांडीपर्यंत मोकळी करायची. जरा जास्त ओढ बसली की शीर खराब, आणि पुढे तीच पेशंटच्या हृदयावर शिवली जाणार असते. दुपारी आयसीयूत नळ्या काढणं, तपासण्या बघणं, औषधं लिहिणं. हो, औषधं आम्ही लिहितो, पन्नासही राज्यांत.

आता वाट. पदवी, त्यात केमिस्ट्री, अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स हे विषय हवेत. शिवाय पेशंटला प्रत्यक्ष हात लावून केलेल्या कामाचे तास. बरेच प्रोग्रॅम हजार तरी मागतात, काही दोन हजार. पुष्कळ मुलं इथेच अडकतात, कारण नुसतं डॉक्टरांमागे उभं राहून बघणं त्यात धरत नाहीत. मग कॅस्पा या सगळ्या प्रोग्रॅमच्या सामायिक अर्जाच्या वेबसाइटवरून अर्ज, साधारण 27 महिन्यांचं मास्टर्स. पहिलं वर्ष वर्गात, नंतर सर्जरी, बालरोग, इमर्जन्सी, मानसोपचार असं फिरत सुमारे 2000 तास. शेवटी पॅन्स ही परीक्षा आणि राज्याचं लायसन्स. पुढे दर दोन वर्षांनी 100 तासांचं शिक्षण दाखवावं लागतं.

मध्यरात्रीचा राउंड
असहमत. पाऊलवाट यांच्या कामाबद्दल आदर आहे, पण त्यांचं उदाहरण सोयीचं आहे. त्यांच्या टेबलावर पेशंट येतो तेव्हा निदान झालेलं असतं आणि सर्जन दोन फुटांवर असतो. मी इंटर्नल मेडिसिनमध्ये आहे. मला काळजी वाटते ती, नेमकं काय झालंय हेच माहीत नसलेला पेशंट दारात येतो त्याची.

माझे मामा मुंबईहून आले. दुसऱ्या दिवशी पोटरी दुखू लागली म्हणून घराजवळच्या अर्जंट केअरमध्ये, म्हणजे अपॉइंटमेंटशिवाय जाता येतं अशा दवाखान्यात, गेले. तिथे एकटाच पीए होता. स्नायू ताणलाय म्हणाला, गोळ्या दिल्या. चार दिवसांनी पोटरीतली रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेली. वाचले, पण थोडक्यात. त्या मुलाला मी दोष देत नाही. नुकताच पास झालेला होता, आणि विचारायला मागे कुणीच नव्हतं.

ब्रिटनमध्ये जुलै 2025 मध्ये पीएंच्या कामाचा आढावा घेणाऱ्या लेंग अहवालानं हेच म्हटलं: ठरवून दिलेली चौकट सोडून निदान न झालेला पेशंट पीएंनी पहिल्यांदा बघू नये, आणि नावातलं 'असोसिएट' काढून पुन्हा 'असिस्टंट' करावं. अमेरिकेतल्या पीएंच्या संघटनेनं 2021 मध्ये नेमकं उलट, 'असिस्टंट'चं 'असोसिएट' केलं. दोन हजार तास कुठे, आणि चार वर्षं मेडिकल स्कूल नि वर रेसिडेन्सीत, म्हणजे हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणात, किमान तीन वर्षं ऐंशी-ऐंशी तासांचे आठवडे कुठे!

पाऊलवाट
मामांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण लांबच्या विमानप्रवासानंतर पोटरी दुखली की गुठळीचा विचार करायचा, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. तो चुकला. अशी चूक डॉक्टरांच्या हातूनही झालेली मी पाहिली आहे.

एक मात्र मान्य. हा पेशा एकटं बसण्यासाठी घडवलेलाच नाही. 1965 मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलातून परतलेले चार कोअरमन, म्हणजे तिथले वैद्यकीय सहायक, घेऊन पहिली तुकडी सुरू केली. त्या मुलांना अनुभव भरपूर होता, आणि डॉक्टर सोबत असणार हे गृहीत होतं. आज मालक लोक पैसे वाचवायला डॉक्टर काढून नवा पीए एकटा बसवतात. भांडण असेल तर त्यांच्याशी करा, लेकीच्या निवडीशी नको.

कृष्णाकाठ
सांगलीहून लिहितो. भारतातही हा कोर्स आहे बरं का. चेन्नईत डॉ. के. एम. चेरियन यांनी 1992 मध्ये सुरुवात केली, तीही हार्ट सर्जरीसाठीच. 2021 च्या अलाइड हेल्थ कायद्याच्या यादीतही हा पेशा आहे. आमच्याकडे मात्र रात्रपाळीचं असलं काम बीएएमएस, बीएचएमएस झालेले आरएमओच, म्हणजे हॉस्पिटलचे निवासी डॉक्टर, करतात. काम तेच, पण हद्द कुणी आखून दिलेली नाही. त्यापेक्षा आखलेली हद्द कधीही बरी असं माझं ठाम मत.
एक विचारतो: बहीण बीएचएमएस आहे, लग्न होऊन टेक्सासला चाललीय. तिला थेट पीएची परीक्षा देता येईल का?

पाऊलवाट
नाही हो दादा. तिथल्या मान्यताप्राप्त प्रोग्रॅममधून पास झालेल्यांनाच पॅन्सला बसू देतात. एमबीबीएस असली तरी पूर्ण कोर्स करावा लागतो. एजंट काही वेगळं सांगत असेल तर पैसे देऊ नका.

अंगण
सगळं लेकीला वाचून दाखवलं. ती शनिवार-रविवार अ‍ॅम्ब्युलन्सवर ईएमटी, म्हणजे तातडीची मदत देणारी कर्मचारी, आहे, त्यामुळे तासांची चिंता नाही. म्हणाली, "पीए झालं की सर्जरीतून बालरोगाकडे जाता येतं, पुन्हा रेसिडेन्सी करावी लागत नाही. मला तिशीपर्यंत परीक्षा देत बसायचं नाही." मामांचा किस्सा मात्र तिनं दोनदा वाचला. राउंड, तुम्ही विरोधात आहात म्हणून तुम्हालाच विचारते. तिनं हेच करायचं ठरवलं, तर पहिली नोकरी कशी बघावी?

मध्यरात्रीचा राउंड
पहिली दोन-तीन वर्षं अर्जंट केअर नको, पगार कितीही देऊ देत. मोठ्या हॉस्पिटलचा विभाग बघा, जिथे रोज सकाळी डॉक्टरांबरोबर राउंड होतो. मुलाखतीत तिनं एकच विचारावं: रात्री दोन वाजता मी अडले तर माझा फोन कोण उचलणार? नाव सांगितलं तर पुढे बोलावं. "कुणीतरी असतंच" म्हणाले, तर उठून यावं.