अमेरिकन सीपीए (तिकडची सीए) परीक्षा : ऑडिट आधी की रेग? (मदत हवी आहे)

हिशेबी_मांजर
एफएआर (फायनान्शियल अकाउंटिंगचा पेपर) सुटला एकदाचा, ७८ गुण. आता ऑडिट आणि रेग (टॅक्स आणि बिझनेस लॉ), यातला सोपा कुठला? एनटीएस (पेपरला बसायचं परवानगीपत्र) संपत आलाय, त्यामुळे "दोन्ही छान आहेत, मनापासून अभ्यास करा" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. ज्यांनी पेपर दिलेत त्यांनीच सांगा. चौथा, ऐच्छिक पेपर कुठला घ्यावा तेही सांगा, टीसीपी (टॅक्सचाच ऐच्छिक पेपर) सोपा म्हणतात. अर्जंट आहे.

एडिसनकर
अभिनंदन! पण अर्ज कुठल्या राज्यातून केलाय? एनटीएसवर दोन्ही पेपर आहेत की एकच? नोकरी कशात? एफएआरचा निकाल कधी लागला? पहिला पेपर सुटल्यावर बाकीचे सोडवायची १८ महिन्यांची मुदत बऱ्याच राज्यांनी ३० केली आहे, पण ती कुठल्या दिवसापासून मोजायची हे राज्यागणिक बदलतं.
मी ऑडिट आधी दिला. एफएआर डोक्यात ताजा आहे तोवर ऑडिट उरकावा, हे माझं मत.

जुना_आर्टिकल
ऑडिटच. रेग म्हणजे बहुतेक सगळा अमेरिकन टॅक्स, ८०सी वर वाढलेल्या आपल्या लोकांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. बाकी सीए इंटरच्या एका ग्रुपसमोर हे चारही पेपर किस झाड की पत्ती. आणि कॅल्क्युलेटर १२ अंकी कॅसिओच घ्या.

वहीखाते
कॅल्क्युलेटर विचारलाय कुणी? आणि तो आत नेऊ देत नाहीत, स्क्रीनवरच असतो.
ऑडिट सोपा हा मोठा गैरसमज. आकडेमोड कमी, पण ७८ एमसीक्यू, आणि चारातले दोन पर्याय बरोबरच वाटतात. २०२४ मध्ये ऑडिटला निम्म्याहून कमी पास झाले, रेगला साठ टक्क्यांच्या वर. यावरून काय ते समजा.

जुना_आर्टिकल
काहीच समजत नाही यावरून. रेगला बसणाऱ्यांत तिथले टॅक्सवाले भरपूर. पुण्यात बसून देणाऱ्याला तो आकडा काय कामाचा? आमच्याकडे पेपरला ४० आणि ग्रुपला ५० टक्के लागतात, तरी निकाल बघा. तुमच्याकडे ७५ लागतात आणि निम्मे पास होतात, यातच आलं सगळं.

वहीखाते
ते ७५ टक्के नव्हेत. ० ते ९९ ची वेगळी मोजपट्टी आहे. माहिती नसेल तर निदान ठासून तरी लिहू नका.

सांगलीकर_मावशी
माझा भाचा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने सीए सोडून हे करावं का? मुलगा हुशार आहे, पण मोबाइल सुटत नाही.

हिशेबी_मांजर
मावशी, वेगळा धागा काढा ना प्लीज.
दोन्ही पेपर एकाच एनटीएसवर आहेत, दोन महिने उरलेत. नोकरी टॅक्समध्येच आहे, दिवसभर १०४० आणि १०६५ (व्यक्तींची आणि भागीदारी फर्मची अमेरिकन रिटर्न्स) भरते. पण त्याचा इथे काय संबंध?

एडिसनकर
अहो, तोच तर संबंध! हे आधी सांगितलं असतं तर वरचा सल्ला दिलाच नसता. रेग आधी द्या.
फक्त एक. ऑफिसात के-१ (पार्टनरच्या वाट्याचा फॉर्म) सॉफ्टवेअर काढून देतं, पेपरात पार्टनरचा बेसिस (करासाठी धरायची त्याची गुंतवणूक) तुम्हालाच काढायचा असतो. समजा भांडवल २०,०००, कर्जातला वाटा ५,०००, वर्षात उचल ८,०००, तोट्यातला वाटा ३०,०००. उचल आधी वजा होते, मग तोटा. म्हणजे २५,००० मधून ८,००० गेले, उरले १७,०००. तोटा तेवढाच घेता येतो, बाकीचे १३,००० पुढे ओढायचे. घाईत लोक तोटा आधी वजा करतात आणि उचलीवर नफा दाखवून बसतात. आणि बिझनेस लॉ सोडू नका, टॅक्सवाले तिथेच मार खातात.

वहीखाते
+१. मग चौथा टीसीपीच, तो रेगचाच पुढचा भाग. २०२४ मध्ये चारातले जवळजवळ तीन पास झाले. (होय आर्टिकलसाहेब, तिथे टॅक्सवालेच बसतात. ही बाईपण टॅक्सवालीच आहे.) बार (अकाउंटिंगचा ऐच्छिक पेपर) घेतलात तर एफएआरचा अवघड भाग पुन्हा, वर सरकारी हिशेब. मात्र टीसीपी बाराही महिने नसतो, तिमाहीच्या पहिल्या महिन्यातच. तारीख त्या बेताने ठरवा.

हिशेबी_मांजर
हे कामाचं. पण मग ऑडिटचे पैसे बुडणार का? इंटरनॅशनल सेंटरची जादा फीही भरली आहे.

एडिसनकर
एनटीएसची मुदत संपली की बुडणारच. म्हणून रेग पाच आठवड्यांत द्या आणि मुंबईचा स्लॉट आजच बघा. उरलेल्या दिवसांत ऑडिटला बसायचं की फी सोडायची, ते रेगचा पेपर झाल्यावर ठरवा. अर्धवट तयारीवर दोन्ही घालवू नका.
राज्य अजून सांगितलं नाहीत.

हिशेबी_मांजर
मोंटाना.

जुना_आर्टिकल
माझं मत अजूनही ऑडिटच.