अहवालात बाजाराचा रॅम्प ‘पूर्ण’, पण आईला वर जाता येत नाही. पालिकेकडे नेमकं काय मागावं?

चिऱ्याची पायरी (प्रश्न)

नमस्कार. मी गोव्यातल्या एका लहान पालिका शहरात राहते. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला भांडण नको, काम हवंय.

आई ७४ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिची डावी बाजू गेली, तेव्हापासून व्हीलचेअरवर आहे. बोलणं, आठवण, हिशेब सगळं लख्ख. लग्न होऊन आल्यापासून आमच्या घरच्या माटोळीचं (चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात, ती) सामान तिनेच आणलं. कवंडळ कुठलं घ्यायचं, आंबाडे किती, सुपारीचं शिपटं हातात धरून कसं पारखायचं, हे सगळं तिच्याकडे. मागच्या चवथीआधी तिला बाजारात घेऊन गेले, नवा रॅम्प झाला असं ऐकलं होतं म्हणून. रॅम्प होता. खुर्ची वर ढकलायला गेले तर पुढची चाकं अधांतरी झाली आणि आई मागे माझ्या अंगावर कलली. शेवटी दोघा मुलग्यांनी तिला खुर्चीसकट उचलून वर नेलं. सगळे चांगले वागले, कुणालाही बोल लावायचा नाही. पण घरी आल्यावर आई म्हणाली, “फुडल्या वर्षी तूच जा. मला सामानासारखी उचलू नका.”

परवा पालिकेचा प्रगती अहवाल हातात आला. संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं आहेत ना, त्यातल्या ११व्याखाली (शहरं सर्वसमावेशक, सुरक्षित, शाश्वत करणं) शहरात काय काय झालं त्याचा तक्ता. त्यात ‘बाजार इमारत, रॅम्प : पूर्ण’. त्याच पानावर बाग ‘सर्वांसाठी खुली’, बसथांबा ‘सुगम’.

मी टेप घेऊन गेले. बाजाराचं जोतं २१ इंच उंच. रॅम्पची लांबी साडेपाच फूट. वर गुळगुळीत टाइल, कठडा नाही.

अहवाल खोटा आहे असं मी म्हणत नाही. रॅम्प बांधला हे खरंच आहे. पण मोजायचं काय, बांधलेलं की वापरता येणारं? पालिकेने महिनाअखेरपर्यंत सूचना मागवल्यात. कुठले आकडे मागावेत, कशाचा आधार द्यावा? जाणकारांनी कृपया सांगा.

जुना ओव्हरसियर

ताई, तीसेक वर्षं बांधकामावर काढली, म्हणून लिहितो. रॅम्पचा हिशेब अगदी सोपा आहे : एका इंचाला एक फूट. उतार १ला १२, हाच नियम. तुमचं जोतं २१ इंच, म्हणजे रॅम्प २१ फूट लांब हवा. साडेपाच फुटांत तो १ला ३च्या आसपास येतो. त्यावरून पोर्टर हातगाडीसुद्धा सरळ नेणार नाही.

केंद्र सरकारच्या २०२१च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत हे सगळं आहे. रॅम्पची रुंदी किमान १२०० मिलिमीटर, दोन्ही बाजूंना कठडा आणि तोही दोन उंचींवर, पृष्ठभाग न घसरणारा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर गुळगुळीत टाइलवर धडधाकट माणूस घसरतो, तिथे चाकाचं काय होणार?

एक गोष्ट मात्र पालिकेच्या बाजूने सांगतो. जुन्या बाजारासमोर सरळ २१ फूट जागा बहुतेक ठिकाणी नसते. इंजिनियर कोपऱ्यात अडकतो, ठेकेदार म्हणतो ‘आहे तेवढ्यात बसवतो’, आणि बिल निघतं. म्हणून नुसती तक्रार देऊ नका. जोत्याला लागून, भिंतीच्या कडेने रॅम्प नेता येतो. कागदावर साधं चित्र काढून द्या. हातात चित्र असलं की इंजिनियरशी बोलणं लवकर मुद्द्यावर येतं.

मांडवीकाठ

मी पणजीत राहतो. नीती आयोगाने नोव्हेंबर २०२१मध्ये ५६ शहरांचा शाश्वत विकास निर्देशांक काढला, त्यात पणजी ७१.८६ गुणांनी सहावी आली. शिमला पहिलं. तेव्हा आम्हाला अभिमान वाटला आणि तो योग्यच होता. इथल्या लोकांनी २००३पासून घरोघरी कचरा वेगळा करायची सवय लावून घेतली, ते कष्ट मी पाहिलेत. पण असे गुण ७७ निर्देशकांची सरासरी असतात. सरासरीत एका बाजाराचं जोतं दिसत नाही. ते तुमच्यासारख्या माणसालाच दाखवावं लागतं.

आधार विचारलात म्हणून :

दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम ४५. नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सगळ्या जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायच्या होत्या. नियम जून २०१७मध्ये निघाले. म्हणजे मुदत जून २०२२मध्येच संपली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे किमान निकष सक्तीचे असले पाहिजेत, नुसत्या शिफारशी म्हणून ठेवून चालणार नाही.

आणि ११व्या उद्दिष्टाचे निर्देशक स्वतःच बघा. ११.२ सार्वजनिक वाहतुकीबद्दल, ११.७ मोकळ्या सार्वजनिक जागांबद्दल. दोन्हींत आकडे लिंग, वय आणि दिव्यांगत्वानुसार वेगळे द्यायचे आहेत. तुमच्या पालिकेला एवढंच विचारा : “बाग सर्वांसाठी खुली लिहिलंय, तर वेगळे आकडे कुठे आहेत?” माहिती हक्काचा अर्ज १० रुपयांत होतो, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

पांढरी काठी

मला दिसत नाही, मोबाइल वाचून दाखवतो. ताईंनी लिहिलं म्हणून माझ्या गावच्या पालिकेचा तसलाच अहवाल उघडून बघितला. चाळीस पानं, आणि फोन प्रत्येक पानाला ‘चित्र, चित्र’ म्हणत गेला. कागद स्कॅन करून चढवलेत. सर्वसमावेशक शहराचा अहवाल मलाच वाचता येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

फूटपाथवरच्या पिवळ्या टाइलबद्दलही लिहा. रेघांची टाइल म्हणजे सरळ चालत राहा, ठिपक्यांची म्हणजे थांब, पुढे वळण किंवा रस्ता आहे. आमच्याकडे एका ठिकाणी रेघा मला थेट विजेच्या पेटीवर घेऊन गेल्या. कपाळावर तीन टाके पडले. अहवालात किती मीटर टाइल घातली ते असेल. तिच्यावरून कुणी आंधळा माणूस चालून बघितला का, हे विचारा.

अबोलीची फाती

मला थोडं वेगळं सांगायचं आहे, राग मानू नका. ओव्हरसियर काका म्हणतात जोत्याच्या कडेने रॅम्प न्या. बहुतेक बाजारांत त्या कडेलाच फुलकार बायका बसतात. माझी आई २६ वर्षं तशाच एका भिंतीला टेकून फाती (फुलांचे गजरे) विकते. पाऊस आला की वरचं छप्पर तेवढंच तिचं. सुधारणा म्हटली की आधी आम्हाला उठवतात. मागे ‘चार दिवस’ म्हणून उठवलं आणि जागा परत मिळायला पाच महिने गेले. तोवर ती उन्हात, रस्त्याच्या त्या बाजूला.

काकी वर जाव्यात असं मलाही वाटतं. पण २०१४च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे शहर विक्रेता समिती असते, तिच्यात किमान ४० टक्के सभासद विक्रेते आणि त्यांत एक तृतीयांश बायका हव्यात. रॅम्पचा नकाशा आधी तिथे दाखवा एवढंच म्हणणं.

चिऱ्याची पायरी

फाती, बरं झालं तू लिहिलंस. राग कसला? मी खरंच त्या कडेला कोण बसतं ते बघितलं नव्हतं. टेप धरून गेले, जोतं मोजलं, आणि माणसं मोजायची राहिली. आज सकाळी परत गेले. त्या कडेला सहा जणी आहेत, दोघी केळी आणि पानं विकतात, चौघी फुलं. एकीने मला बसायला पाट दिला. तिचंच म्हणणं असं की मागच्या दाराने, जिथे भाजीचे टेम्पो लागतात, तिथे जोतं कमी आहे. मोजलं : ९ इंच.

जुना ओव्हरसियर

९ इंच म्हणजे ९ फूट! झालं की काम. कुणालाही उठवायला नको. फक्त टेम्पो लावायची जागा तेवढी सरकवावी लागेल आणि दाराबाहेर पाच फुटांचा सपाट चौक ठेवा, म्हणजे खुर्ची वळेल. पुढचा तो आखूड रॅम्प मात्र काढून टाकायला सांगा. आज ना उद्या तिथे कुणीतरी पडेल. चूक माझ्याकडूनही झाली, जागा न बघता कड सुचवली.

चिऱ्याची पायरी

काका, धन्यवाद. मागच्या दाराचं चित्र काढलंय, मापांसकट. वाट सांडपाण्याच्या गटाराजवळून जाते, झाकण दोन ठिकाणी फुटलंय. आईला मागच्या दाराने का जायचं, पुढच्या का नाही, हा प्रश्न मनात आहेच. पण तिलाच विचारलं, तर म्हणाली, “दार कुठलं का असेना, मी माझ्या चाकांवर गेले म्हणजे झालं.”

सूचनेत तीन गोष्टी लिहिल्या. प्रत्येक कामापुढे ‘पूर्ण’ लिहिण्याआधी ते वापरणाऱ्या माणसाने वापरून बघावं, आणि तारीख टाकून त्याची सही घ्यावी. अहवाल फोनला वाचता येईल असा चढवावा. बाजारातलं कुठलंही काम आधी विक्रेता समितीसमोर ठेवावं. सोबत रॅम्पचे दोन फोटो आणि कलम ४५चा उल्लेख.

सोमवारी आवक कक्षात देऊन शिक्का घेणार आहे. आई बरोबर येते म्हणतेय. पालिकेच्या दारात पायऱ्या किती आहेत ते उद्या जाऊन बघून येते.