मदत हवी आहे: स्वस्तातली .२२ सेमी-ऑटोमॅटिक रायफल घ्यावी का? आणि घेतली तर तिच्यात काय बदलावं?

कळंबा_ते_बॉथेल

नमस्कार मंडळी. बंदुका असाव्यात की नसाव्यात या वादासाठी हा धागा काढलेला नाही. त्या वादाचे जुने धागे आहेत, तो तिथेच सुखाने नांदू दे.

आम्ही सिएटलजवळ बॉथेलला राहतो. नवरा, मी, लेक, तिघांचंही ग्रीन कार्ड झालेलं आहे. माझं माहेर कोल्हापूरचं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभ्याने) कांस्य घेतलं, तेव्हापासून लेक (वय १२) नेमबाजीसाठी मागे लागली आहे. हे खूळ आपोआप उतरेल असं वाटलं होतं. उतरलं नाही.

या वसंतात आम्ही दोघी प्रोजेक्ट ॲपलसीडच्या (रायफलची नेमबाजी शिकवणारा अमेरिकी उपक्रम) दोन दिवसांच्या शिबिराला गेलो. सगळं २५ यार्डांवर चालतं, पण लक्ष्यं लहान लहान होत जातात, म्हणजे शंभर ते चारशे यार्डांवरची वाटावीत अशी. मधल्या वेळेत १७७५ च्या लेक्सिंग्टन-कॉनकॉर्डची, म्हणजे अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या पहिल्या लढाईची गोष्ट सांगतात, ती तर लेकीला तोंडपाठ झाली आहे. रायफल तिथल्याच एका प्रशिक्षकाने वापरायला दिली होती, रुगर १०/२२. आता स्वतःची हवी.

मी तीन पाहून ठेवल्या आहेत:

नवी रुगर १०/२२ कार्बाइन, साधा लाकडी स्टॉक (दस्ता), तीनशे डॉलरच्या आतबाहेर.
जुनी मार्लिन मॉडेल ६०, वापरलेली, दुकानात १६० ला. लाकूड अतिशय सुरेख आहे, खरं सांगायचं तर जीव तिच्यावरच बसला आहे.
रॉसी आरएस२२, नवी, सगळ्यात स्वस्त.

ऑफिसातला एक जण म्हणतो की १०/२२ घ्यायची तर तशीच वापरण्यात अर्थ नाही. चाप बदल, जाड नळी घाल, स्टॉक बदल, वर दुर्बीण लाव. त्याने दिलेल्या यादीची बेरीज केली तर रायफलच्या किमतीच्या अडीचपट होते. मग स्वस्त रायफल घेऊन काय मिळवलं?

तर प्रश्न असे. कुठली घेऊ? बदल खरंच लागतात का, लागत असतील तर कुठले? आणि कायद्याचं काही राहून जात असेल तर तेही सांगा. माझा धाकटा भाऊ एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) आहे, उन्हाळ्यात आमच्याकडे राहायला येतो. तोही भाचीबरोबर रेंजवर जाऊ म्हणतोय.

चहाबाज

मुलीला बॅडमिंटनला घाला. शटलला लायसन्स लागत नाही.

कळंबा_ते_बॉथेल

@चहाबाज, घातलं होतं. रॅकेट गराजमध्ये आहे, हवी असेल तर पाठवते.

तात्या_ह्यूस्टनवाले

ताई, मार्लिन ६० चं लाकूड सुंदर असतं हे मान्य, पण तुमच्या कामाला ती नाही. तिला मॅगझिन सुटं नसतं. नळीच्या खाली दुसरी नळी, तिच्यात काडतुसं एकामागे एक सोडायची. डबे उडवायला, खारी मारायला छान. ॲपलसीडच्या परीक्षेत मात्र दुसऱ्या टप्प्याला उभ्यावरून बसायचं, पहिल्या मॅगझिनमधल्या २ गोळ्या मारायच्या, मॅगझिन बदलून पुढच्या ८, आणि हे सगळं ५५ सेकंदांत. लेक नळीत काडतुसं भरत बसेल आणि वेळ संपेल. शिवाय ती कंपनी मधल्या काळात रेमिंग्टनकडे गेली, रेमिंग्टन बुडाल्यावर २०२० मध्ये रुगरने मार्लिन विकत घेतली. जुन्या ६० चे सुटे भाग शोधण्याचा उत्साह असेल तरच घ्या.

रॉसी वाईट नाही. मॅगझिन सुटं आहे, गोळी जिथे जायची तिथे जाते. अडचण एवढीच की पुढे काही बदलावंसं वाटलं तर बाजारात तिच्यासाठी फारसं काही मिळत नाही. १०/२२ चं उलटं आहे. १९६४ पासून बनते आहे, स्क्रूपासून नळीपर्यंत सगळं दहा जण बनवतात. आणि तोच तिचा रोग आहे.

आता बदलांचं. ॲपलसीडला रायफलकडून अपेक्षा किती? ४ मिनिट ऑफ अँगल, म्हणजे २५ यार्डांवर एक इंच. साधी, डब्यातून काढलेली १०/२२ बऱ्या काडतुसांवर हे करते. एक इंचाच्या बाहेर गोळी गेली तर ती नळीने नेली नाही, माणसाने नेली. त्यामुळे जाड नळी आधी यादीतून काढा. ०.९२० इंचाची बुल बॅरल घातली की जुन्या स्टॉकची खाच तिला पुरत नाही, म्हणून स्टॉक बदला, मग वजन वाढतं, आणि बारा वर्षांच्या पोरीला ते उभ्याने पेलायचं. मूळ रायफल पाच पौंडांची आहे ही केवढी मोठी सोय!

मी असतो तर या क्रमाने पैसे घातले असते:

सगळ्यात आधी पट्टा. दोन-तीनशे डॉलरच्या वस्तू सोडा, वीसेक डॉलरचा सुती जीआय (अमेरिकी लष्करी पद्धतीचा) पट्टा दंडात नीट आवळून बसला की नेमातला फरक पहिल्याच तासात दिसतो. पट्टा अडकवायच्या कड्या साध्या कार्बाइनला नसतात, त्या बसवून घ्या.

मग साइट. मूळची पुढची माशी पितळी मण्याची आणि मागची पट्टी घडीची, दोन्ही सशाच्या शिकारीला ठीक. कागदावर नेम धरायचा तर मागे बारीक भोकाची पीप साइट हवी. टेक-साइट्सची जोडी बहुतेक जण लावतात. दुर्बीण लावायची असेल तर रिसीव्हरला (नळीमागच्या मुख्य सांगाड्याला) भोकं पाडलेलीच येतात, बेसही खोक्यात असतो. पण पोरगी उघड्या साइटवर शिकली तर बरं, असं माझं मत.

चाप सगळ्यात शेवटी. मूळचा सहा पौंडांच्या आसपास, जरा खरखरीत. रुगरचाच बीएक्स ट्रिगर पावणेतीन पौंडांच्या आसपास येतो, दोन पिना काढायच्या, अख्खा संच काढून दुसरा बसवायचा, झालं. मी तो लावलाय, छान आहे. पण पहिले काही महिने जडच चापावर काढू द्या. हलका चाप धक्का देऊन ओढायची सवय झाकतो, घालवत नाही.

एक बारीकसारीक कटकट सांगून ठेवतो. शेवटची गोळी सुटल्यावर हिचा बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता भाग) उघडा राहत नाही. तो उघडा अडकवायचा तर एक छोटीशी पट्टी दाबून धरायची, सोडवायचा तरी तीच दाबायची, दोन्ही वेळा अंगठा चुकतो. ऑटो बोल्ट रिलीज नावाचा पत्र्याचा तुकडा मिळतो, तो घातला की बोल्ट मागे खेचून सोडला की पुढे जातो. किंमत किरकोळ, सुख भरपूर. बाकी वाचलेले पैसे काडतुसांना. .२२ रिमफायर (बुडाच्या कडेवर ठोका बसून उडणारं काडतूस) पुन्हा भरता येत नाही, जी उडाली ती गेली. आणि प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. चार कंपन्यांची पन्नास-पन्नास आणा, कागदावर मारून पाहा, ज्याच्या गोळ्या एकमेकींच्या जवळ पडतील त्याची पेटी घ्या. महाग ते चांगलंच असं नसतं.

कायद्याचं_बोला

वॉशिंग्टनचं तात्यांच्या टेक्साससारखं नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. मी वकील नाही, पण इथेच राहतो आणि या सगळ्यातून गेलोय.

२०१८ च्या सार्वमतानंतर आपल्या राज्यात झालेली सेमी-ऑटोमॅटिक रायफलची व्याख्या फार रुंद आहे. सुटलेल्या काडतुसाच्या जोरावर रिकामं टरफल बाहेर पडून पुढचं आत येत असेल, आणि दर गोळीला चाप वेगळा ओढावा लागत असेल, तर ती कायद्याने 'सेमीऑटोमॅटिक असॉल्ट रायफल'. म्हणजे तुमची ही खारी मारायची १०/२२ सुद्धा. त्यामुळे वय २१ पूर्ण, गेल्या पाच वर्षांतलं सुरक्षा-प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, आणि दुकानाने पार्श्वभूमी तपासणी मागवल्यापासून कामाच्या १० दिवसांची वाट. ॲपलसीडचा कागद प्रशिक्षणासाठी चालेल असं गृहीत धरू नका, दुकानात विचारून घ्या. प्रशिक्षणात काय काय हवं ते कायद्यात लिहिलेलं आहे: मुलं आणि बंदूक, कुलूपबंद ठेवणं, आत्महत्या टाळणं, वगैरे.

एप्रिल २०२३ ची 'असॉल्ट वेपन'ची विक्रीबंदी वेगळी. एआर-१५ त्यात नावानिशी आहे. पिस्तुली मूठ वगैरेंचे निकष त्यात सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठोका बसणाऱ्या) रायफलला आहेत, .२२ रिमफायरला नाहीत. पण एकूण लांबी ३० इंचांच्या आत गेलेली सेमी-ऑटो रायफलही त्या बंदीत येते. म्हणून घडीचे स्टॉक वगैरे हौस नको. जुलै २०२२ पासून १० पेक्षा जास्त गोळ्यांची मॅगझिन विकणं आणि राज्यात आणणंही बंद आहे. रुगरची मूळची बरोबर १० ची आहे, तीच घ्या. ऑफिसातल्या मित्राच्या यादीत २५ ची असेल तर खोडा. ओरेगनमधून घेऊन येऊ म्हणाल तर तेही 'आणणं'च झालं.

दुकानात बंदूक-खरेदीचा फॉर्म ४४७३ भरताना ग्रीन कार्डवरचा ए-नंबर लागतो. फॉर्मवर गांजाबद्दल प्रश्न आहे. राज्यात गांजा चालतो, केंद्राच्या कायद्याने चालत नाही, आणि फॉर्म केंद्राचा आहे. खोटं उत्तर हा वेगळा गुन्हा. ग्रीन कार्डवाल्यांनी तर या बाबतीत काडीचाही धोका पत्करू नये.

आता भाऊ. त्याला रेंजवर नेऊ नका. एफ-१, एच-१बी, एच-४, अशा व्हिसांवर आलेल्यांना केंद्राच्या कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. रेंजवर भाड्याने घेऊन दहा मिनिटं हातात धरली तरी ते बाळगणंच. वैध शिकारीचा परवाना असेल तर सूट आहे, पण राज्याचे स्वतःचे नियमही आहेत. त्या वाटेने जायचं तर आधी इमिग्रेशनचा वकील. अर्ध्या देसी ऑफिसांच्या टीम-आउटिंगचे फोटो रेंजवरचे असतात आणि निम्म्यांना हे ठाऊकच नसतं, पण म्हणून आपण करायचं नाही. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरला तर शिक्षणही गेलं, देशही गेला. तो घरी असेल तेव्हा रायफल आणि काडतुसं कुलपात, आणि किल्ली कुठे आहे हे त्याला माहीतच नको.

पुण्याची_रेंज

तात्यांशी तांत्रिक बाबतीत सहमत. पण मूळ प्रश्न निराळाच आहे. स्वप्नीलकडे बघून सुरुवात झाली ना? त्याची .२२ एका वेळी एकच काडतूस घेते, बोल्ट दर वेळी हाताने मागेपुढे. काडतूस तेच, खेळ दुसरा. सेमी-ऑटोवर कितीही सराव केला तरी त्या रांगेत तिचा उपयोग नाही. तिला ॲपलसीड आवडतंय की ऑलिम्पिकवाली नेमबाजी, हे आधी तिलाच विचारा.

दुसरी असेल तर १० मीटर एअर रायफलपासून सुरुवात करा. अमेरिकेत शाळकरी मुलांसाठी थ्री पोझिशन एअर रायफलच्या स्पर्धा आहेत, स्पोर्टर गटात फार महागडी रायफल लागत नाही. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, घराच्या तळघरातही दहा मीटर निघतात. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची (पालथं पडून नेमबाजीची) विश्वविजेती झाली, तीही कोल्हापूरचीच. तुमच्या गावाला याची परंपरा आहे, वाया घालवू नका :)

आई_आणि_शिसं

कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. .२२ ची गोळी बहुतेक वेळा उघड्या शिशाची असते आणि काडतुसातल्या स्फोटकातही शिसं असतं. बंद रेंजवर तर हवेतही. आम्ही घरी आल्यावर साबणाने हात आणि तोंड आधी, मग पाणीसुद्धा. रेंजवर खाणं नाही. ते कपडे वेगळे धुवायचे, बूट दाराबाहेर. लहान भावंड असेल तर जास्तच सांभाळा. शक्यतो उघड्यावरची रेंज निवडा. तुमच्याकडे पाऊस आहे हे माहीत आहे, तरीही.

कळंबा_ते_बॉथेल

सगळ्यांचे आभार, विशेषतः भावाबद्दल. त्याला आजच फोन केला. थोडा हिरमुसला, पण त्याने लगेच त्याच्या लॅबमधल्या दोघांना कळवलं, ते म्हणे पुढच्या शनिवारीच जाणार होते.

लेकीला विचारलं. तिला दोन्ही हवंय. तिच्या म्हणण्यानुसार ॲपलसीडची रायफलमनची पट्टी (२५० पैकी २१०) आधी, मग ऑलिम्पिक. आत्ता तिचे १३१ आहेत, त्यामुळे ऑलिम्पिकला अवकाश आहे. एअर रायफलचा क्लब शोधते, पण १०/२२ घेणार हे नक्की. नळी, स्टॉक, दुर्बीण सगळं खोडलं. पट्टा आणि पीप साइट ठेवली. मार्लिनचा मोह सोडला आहे. दुकानदाराने अजून विकली नसेल तरी बघू नका असं मला कुणीतरी बजावा.

एक राहिलं: लेक डावखुरी आहे. शिबिरात रिकामी टरफलं तिच्या नाकासमोरून उडत होती. काही अडचण?

तात्या_ह्यूस्टनवाले

मार्लिन बघू नका. बजावलं.

डावखुऱ्यांना १०/२२ चालते. टरफल उजवीकडे पडतं, समोरून जाताना दिसतं एवढंच, चष्मा लावलेला हवाच. सेफ्टीचं आडवं बटण उजव्या हाताच्या सोयीचं आहे, उलटं बटण वेगळं मिळतं, बंदूकवाल्याकडून बसवून घ्या. पूर्ण लांबीचा स्टॉक तिला लांब पडेल, कॉम्पॅक्ट मॉडेल हातात धरून पाहा. नळी १६ इंचांच्या थोडी वर, दस्ता आखूड. फक्त कॉम्पॅक्टवर मूळच्या साइट वेगळ्या असतात, पीप साइट मागवण्याआधी कुठल्या मॉडेलला बसते ते विक्रेत्याला विचारा.

पण त्याआधी एक करा. हात डावा म्हणून डोळाही डावा असेलच असं नाही. तिला दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मधल्या छोट्या फटीतून भिंतीवरचं घड्याळ पाहायला सांगा, दोन्ही डोळे उघडे. मग आळीपाळीने एकेक डोळा मिटायचा. जो उघडा असताना घड्याळ फटीतच राहतं तो तिचा डोळा. उजवा निघाला तर रायफल कुठल्या खांद्याला लावायची हाच प्रश्न पहिला, बटण नंतर. कळवा काय निघतं ते.